नव्या ट्रेलरवर ड्रिल चालवण्याआधी

तुमची यादी वाचली. छतावर सोलर, छताला पंखा, फ्रीज, बाजूला ऑनिंग (ट्रेलरला जोडून उघडायचं कापडी छप्पर), मागच्या ओट्याला पाण्याची टाकी आणि पंप, बाहेर एलईडीच्या माळा, जमलं तर एसी. गाडीमागे ओढायचा, आत झोपायचा ट्रेलर दोघांपुरता, बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लाय. पुण्याहून घाट उतरून श्रीवर्धनपासून मालवणपर्यंत फिरायचा बेत आहे. यातलं घरच्या घरी काय जमेल आणि सुरुवात कुठून करावी, हा प्रश्न.

सुरुवात काहीच न करण्यापासून करा. दोन-तीन वेळा आहे तसाच घेऊन जा, रात्री झोपा, मागे स्वयंपाक करा. जिथे हात अडतो, जिथे दिवा हवासा वाटतो, तिथे मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर पेनाने लिहून ठेवा. घरी परत येईपर्यंत यादीतलं निम्मं आपोआप गळतं आणि जे उरतं त्याची जागा पक्की झालेली असते.

हे सांगायचं कारण आपला किनारा. इथे ट्रेलर चालवून झिजत नाही, भोकांतून कुजतो. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही सरळ खाली न पडता वाऱ्याबरोबर आडवा येतो. पत्र्यावर पाडलेल्या प्रत्येक भोकातून तो आत शिरायची वाट शोधतो. पत्रा आणि प्लायच्या मधे एकदा पाणी गेलं की प्लायची कापलेली कड ते पिऊन घेते. आतून काळा डाग दिसतो तेव्हा आजूबाजूचं वीतभर लाकूड अंगठ्याने दबतं. म्हणून यादीतल्या प्रत्येक वस्तूला पहिला प्रश्न एकच विचारा: याला भोक लागतं का? आणि लागत असेल, तर बिनभोकाचा मार्ग आहे का?

या चाळणीतून सोलर लगेच बाहेर पडतं. छतावर पॅनल बसवलं की ट्रेलर उन्हात उभा करावा लागतो, आणि मार्च-एप्रिलमध्ये उन्हात उभ्या केलेल्या पत्र्यात दुपारी कोण बसणार? तुम्ही सावलीच शोधणार. तिथे एक झावळी पॅनलच्या एका पट्ट्यावर आडवी आली तरी वीज बरीच खाली येते, कारण आतले सेल एकापुढे एक जोडलेले असतात. त्यापेक्षा घडीचं पॅनल घ्या, दहा मीटर वायर घ्या. ट्रेलर सावलीत, पॅनल उन्हात. (सावली म्हणजे नारळाखाली नव्हे. वाडीतला माणूस स्वतःची मोटरसायकलसुद्धा माडाखाली लावत नाही, ते बघून ठेवा.)

ऑनिंगचंही तसंच. कंपनीने बाजूला रेल दिली असेल तर त्यात सरकणारं कापड शिवून घ्या. नसेल तर ताडपत्री छतावरून पलीकडे टाकून चाकाच्या बाजूला दोरीने बांधली तरी काम भागतं. दुपारनंतर खारा वारा सुटला की गुंडाळून ठेवा, मग ते महागातलं असो की ताडपत्रीचं. आतले हुक आणि दिवे जाड फोमच्या दुतोंडी टेपवर चांगले टिकतात. आधी जागा स्पिरिटने पुसा आणि वजन टांगायच्या आधी एक दिवस जाऊ द्या.

छताचा पंखा मात्र भोक पाडण्याच्या लायकीचा. संध्याकाळी समुद्रावरचा वारा पडतो आणि रात्री उशिरा मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा, सुटते. मधल्या काही तासांत पान हलत नाही. दोन माणसांचा श्वास आणि तेवढीशी बंद जागा, त्यात बारा व्होल्टचा, हवा बाहेर फेकणारा पंखा एसीपेक्षा जास्त उपयोगी पडतो. फक्त समोरच्या बाजूची खालची खिडकी जाळीसकट उघडी हवी, नाहीतर तो नुसता गुरगुरतो.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पंख्यांना १४ बाय १४ इंचाचं भोक लागतं. आधी आतून ठोकून छताच्या पट्ट्या आणि वायरी कुठून गेल्यात ते शोधा. कंपनीकडून ड्रॉइंग मिळालं तर उत्तमच. पाणी साचणारी जागा टाळा. पाण्याची बादली छतावर ओतून बघितली की ती लगेच कळते. आतून मधोमध एक बारीक भोक, मग बाहेरून मोजमाप, कडेला मास्किंग टेप आणि जिगसॉ. कापून झालं की लगेच पंखा बसवायची घाई करू नका. आता प्लायची चारही बाजूंनी उघडी कड दिसते, तिला पातळ इपॉक्सीचे दोन हात द्या. बंदरावर फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्यांकडे लागेल तेवढंच रेझिन मिळतं, शिवाय तो माणूस फुकट सल्लाही देतो. छत फोमचं असेल तर त्या कडेला आतून लाकडी चौकट हवी, म्हणजे स्क्रू आवळताना छत चेपत नाही.

सीलंटबद्दल आग्रहाने सांगतो: सिलिकॉन वापरू नका. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो ते सुकताना अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सोडतं, ते धातूला खातं. शिवाय एकदा सिलिकॉन लागलेल्या जागी नंतर दुसरं काहीही धड चिकटत नाही. दुरुस्ती करणारा तुमच्या नावाने बोटं मोडतो. पंख्याच्या कॉलरखाली ब्यूटाइल टेप (चिकट, मऊ रबराची पट्टी), वरून स्क्रूच्या डोक्यांवर आणि कडेला पॉलियुरेथेन सीलंट. स्क्रू समोरासमोरचे थोडेथोडे आवळत जा, ब्यूटाइल कडेने फुगून बाहेर आलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी उन्हात ते मऊ होऊन बसतं, तेव्हा पुन्हा एकदा हलका पीळ द्या आणि मगच बाहेर आलेलं कापून पॉलियुरेथेन लावा. ते पूर्ण सुकल्यावर पाइपने दहा मिनिटं पाणी मारा, वरून नव्हे, खालून तिरपं. आपला पाऊस तसाच येतो.

स्क्रू कुठले, हाही प्रश्न असतोच. स्टेनलेस घ्या, शक्यतो ३१६ ग्रेडचे; त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून खाऱ्या हवेत ३०४ पेक्षा जास्त टिकतात. पण स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मधे खारं पाणी आलं की अ‍ॅल्युमिनियमचा बळी जातो. स्क्रूच्या भोवती पांढरी भुकटी दिसायला लागली, फुंकर मारली की उडाली आणि खाली पत्र्याला खड्डा, तर समजा सुरू झालं. नायलॉनचा वॉशर आणि आट्यांवर सीलंट, एवढ्याने ते पुष्कळ लांबतं.

आता वीज. इथे बहुतेक जण बॅटरीवर पैसे घालतात आणि वायरवर वाचवतात. तुमचा कॉम्प्रेसरचा फ्रीज चालू असताना साधारण ४-५ अँपिअर घेतो. बॅटरी पुढे, फ्रीज मागे, अंतर ५ मीटर धरलं तर जाऊन-येऊन वायर १० मीटर. १ चौ. मिमीच्या तांब्याच्या वायरीत ५ अँपिअरला सुमारे ०.९ व्होल्ट वाटेतच जातात. बॅटरी १२.८ ला असेल तर फ्रीजपाशी ११.९ पोचतात, आणि कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याहून खाली. फ्रीजला वाटतं बॅटरी संपली, तो बंद पडतो. तुम्ही बॅटरीवाल्याशी भांडता. तेच ४ चौ. मिमी वायरीत नुकसान पाव व्होल्टच्याही आत. वायर कथील चढवलेली मिळाली तर तीच घ्या. साधं तांबं लगजवळ (वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या जोडापाशी) हिरवं पडतं आणि इन्सुलेशनच्या आत आतपर्यंत काळं होत जातं. लग चांगल्या क्रिम्परने दाबा, वर गोंद असलेली हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवा. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आत. त्याच्या आधीची जेवढी वायर, तेवढी शॉर्ट झाली तर थांबवणारं कुणी नाही.

हिशोब असा बसतो. फ्रीज कोकणातल्या उकाड्यात निम्मा वेळ तरी चालतो, म्हणजे दिवसाला ५० अँपिअर-तासांच्या आसपास. पंखा आणि दिवे मिळून १५ धरा. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० अँपिअर-तासांची बॅटरी दीड दिवस काढेल. १०० वॉटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला प्रत्यक्षात २५-३० अँपिअर-तास देतं, म्हणजे फ्रीजसुद्धा भागत नाही. फ्रीज हवाच असेल तर २०० वॉट आणि एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी चार्ज करणारा), आणि गाडी चालू असताना चार्ज करायला मधे डीसी-डीसी चार्जर. गाडीच्या अल्टरनेटरला लिथियम थेट जोडू नका.

एसी विसरा. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत जेमतेम १२८० वॉट-तास असतात, एक टनाचा एसी ते सव्वा-दीड तासात पिऊन टाकेल. एखाद्या घरगुती मुक्कामाच्या अंगणात लावून त्यांच्या मीटरवरून वीज घेणार असाल तर गोष्ट वेगळी. पण आधी त्यांना विचारा, पैसे ठरवा, सोळा अँपिअरच्या सॉकेटला अर्थिंग आहे का तपासा आणि ट्रेलरमध्ये शिरल्याशिरल्या ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की लगेच तोडणारा स्विच) बसवा. ओल्या अंगणात पत्र्याच्या डब्याला हात लावायचाय, विसरू नका.

वजनाचं कुणी विचारत नाही, तुम्हीही विचारलेलं नाही. जवळच्या वजनकाट्यावर रिकामा ट्रेलर तोलून पावती घ्या. आरसीवरच्या एकूण वजनातून ते वजा केलं की तुमच्या हातात काय उरलं ते कळतं. १८ मिमी प्लायची आठ-बाय-चारची एक शीट ३५ किलोच्या आसपास भरते. सुतार सवयीने तीच वापरेल, त्याला ९ किंवा १२ मिमीची सांगा, मरीन प्लायचा आयएस ७१० छाप बघूनच. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी तुमच्या डोक्यात असेल तर ती ५० किलोच्या वर जाते, तेवढ्याच क्षमतेची लिथियम त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास.

वजन किती, याच्याइतकंच ते कुठे, हेही महत्त्वाचं. हुकवर एकूण वजनाचा साधारण दहावा भाग यायला हवा; यालाच नोजवेट म्हणतात. ५०० किलोच्या ट्रेलरला ५० किलो. गाडीच्या आणि हुकच्या कंपनीची मर्यादा त्याच्याही आधी बघा. आता तुम्हाला मागे ओट्याखाली ४० लिटरची टाकी हवीय. ती धुरीच्या (चाकांच्या अ‍ॅक्सलच्या) मागे दीड मीटरवर आणि हुक धुरीच्या पुढे अडीच मीटरवर असेल, तर भरलेली टाकी हुकवरचं २४ किलो वजन उचलून घेते. ५० चे २६ राहिले. सपाट रस्त्यावर कळणार नाही. आंबा घाट उतरताना, समोरून ट्रक गेला की शेपूट डुलायला लागेल. टाकी धुरीवर घ्या किंवा सरळ २० लिटरचे दोन कॅन आत जमिनीवर ठेवा, मुक्कामाला पोचल्यावर भरा. पंपसुद्धा पायाचा पुरतो. नोजवेट मोजायला बाथरूमचा वजनकाटा चालतो, ट्रेलर समतल ठेवून कप्लिंगखाली (हुकवर बसणाऱ्या भागाखाली) लाकडाचा ठोकळा आणि त्याखाली काटा.

दाभोळ-धोपावे किंवा वेसवी-बागमांडले अशा फेरीबोटीवर चढवणार असाल तर खाली लोंबणारं काही वाढवू नका. ओहोटीला रॅम्पचा उतार वाढतो आणि जॉकी व्हील (पुढचं टेकूचं छोटं चाक), मागचे पाय, खाली बसवलेली टाकी घासते. उतरल्यावर चाकांखालून गोड्या पाण्याने धुवा, स्प्रिंगच्या पट्ट्यांमधूनसुद्धा. वाळूत नेऊ नका; ट्रेलरसकट रुतलेली गाडी काढायला ट्रॅक्टर येईपर्यंत भरती थांबत नाही.

बाकीचं पटापट. गॅस आत पेटवू नका. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी जाळीचं छिद्र हवंच, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो. गादी थेट प्लायवर टाकली की आठवड्यात खालून बुरशी. मधे लाकडी पट्ट्यांची जाळी करा. मुंग्यांसाठी पायांना आणि टायरला खडू ओढा. बाहेरच्या एलईडीच्या माळा काढून टाका: वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, पिल्लं उजेडाकडे वळतात. ओट्यावर एक मंद पिवळा दिवा, खाली तोंड केलेला, पुरे.

कायद्याचं एकच. ट्रेलरही मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या व्याख्येत मोटार वाहनच आहे आणि वाहनात फेरफार करण्यावर बंधन घालणारं कलम ५२ त्यालाही लागू होतं. आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असं काही करू नका: लांबी-रुंदी वाढवणं, धुरी बदलणं, चासीला वेल्डिंग. आतल्या फळ्यांसाठी चासीवर वेल्डिंग करून देणारा भेटेलच, त्याला नम्रपणे नाही म्हणा.

आगोटीआधी ट्रेलर पडवीत किंवा पत्र्याच्या शेडखाली घ्या. शेड नसेल तर ताडपत्री अंगाला चिकटवून बांधू नका, मधे बांबू घालून हवा खेळू द्या, गादी घरात न्या, बॅटरी निम्मी चार्ज करून वायर सोडवून ठेवा.

वजनकाट्याची पावती, आरसीवरचं एकूण वजन आणि नोजवेट, हे तीन आकडे इथे टाका. फ्रीज धुरीच्या पुढे घ्यायचा की मागे, ते त्यावरून सांगतो.