मॉनिटरवर एक लाल ठिपका सतत दिसतो. पिक्सेल खराब झालाय का, आणि तो दुरुस्त होईल का?

आधी मायक्रोफायबर कापडाने स्क्रीन पुसा. बऱ्याचदा तो धुळीचा कण निघतो. मग काळा, पांढरा, लाल, हिरवा आणि निळा असे एकरंगी चित्र एकेक करून पूर्ण स्क्रीनवर लावा.

काळ्यावरही लाल ठिपका उरला, तर त्या पिक्सेलचा लाल उपपिक्सेल (पिक्सेलमधल्या लाल, हिरव्या, निळ्या भागांपैकी लाल भाग) चालू अवस्थेत अडकला आहे. असा पिक्सेल कधीकधी सुटतो. काळा सोडून बाकी चारही रंगांवर ठिपका काळाच दिसला, तर पिक्सेल मेला आहे. बहुधा त्याला चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर गेलेला असतो, तिथे घरचे उपाय चालत नाहीत.

अडकलेल्यासाठी रंग झपाट्याने बदलणारी छोटी खिडकी ठिपक्यावर ठेवा, जेएसस्क्रीनफिक्स या वेबसाइटवर मिळते तशी. निदान १० मिनिटे, फरक नसेल तर तासभर. लुकलुकणाऱ्या प्रकाशाने फेफरे येणाऱ्यांनी तिच्याकडे अजिबात पाहू नये.

पडदा बंद करून ओल्या कापडातून बोटाने दाबण्याचा सल्लाही सर्रास मिळतो. माझ्या मते टाळाच: जोर जरा जास्त झाला की शेजारचे पिक्सेलही जातात, आणि दाबाची खूण दिसली तर वॉरंटी नाकारली जाऊ शकते. वॉरंटी असेल तर कंपनीचे पिक्सेल धोरण आधी वाचा. एका ठिपक्यासाठी अनेक कंपन्या पॅनेल बदलून देत नाहीत. मॉनिटर नवा असेल, तर दुकानाची परत घेण्याची मुदत संपण्याआधीच तो बदलून घ्या.