टाकीतल्या गप्पा: तलवार नसलेला स्वॉर्डटेल

मागच्या अंकात मेक्सिकोच्या पिग्मी स्वॉर्डटेल या चिमुकल्या माशाचा नुसता ओझरता उल्लेख केला होता, तर निम्मी पत्रं त्याच्यावरच आलीत. त्यामुळे यावेळी तोच विषय, गोल्डफिशवाल्यांनी जरा कळ काढा.

ताई, ओळखीच्या एका हॉबीवाल्याकडून पिग्मी स्वॉर्डटेल म्हणून मासे घेतले. नर मोठे झाले तरी एकालाही तलवार नाही, रंग पण मळकट. साधी मिक्स पिल्लं गळ्यात मारली का मला? – एक वाचक, पुणे

अहो नाही, तलवार नाही हीच तर त्याची ओळख! झिफोफोरस पिग्मिअस (हे त्याचं शास्त्रीय नाव) हा जातीने स्वॉर्डटेलच, पण इतर स्वॉर्डटेल नरांसारखी शेपटीखालची लांब तलवार नाही, याच्या नराच्या शेपटीला खालच्या कडेला फार तर एक बारीकसं टोक येतं आणि तेवढ्यावरच भागतं. नर अडीच-तीन सेंटिमीटरचा, मादी थोडी मोठी म्हणजे चारच्या आसपास. रंग राखाडी-शेवाळी, अंगावरून आडवी गडद रेघ जाते ती जवळून बघा, सरळ नसते, वेडीवाकडी असते. काही नर मात्र मस्त पिवळे निघतात. नर ओळखायचा तो पोटाखालच्या परावरून, मादीचा पर पंख्यासारखा पसरलेला आणि नराचा काडीसारखा निमुळता. तुमच्याकडे हे सगळं जुळत असेल तर फसवणूक वगैरे काही नाही, उलट नशीब काढलंत, कारण हा मासा आपल्याकडे दुकानात सहसा दिसत नाही.

मूळ गाव सांगायचं तर मेक्सिकोतल्या सान लुइस पोतोसी राज्यातला हुआस्तेका भाग, तिथली आश्त्ला नदी आणि आसपासचं पाणी, जे पुढे पानुको नदीतून मेक्सिकोच्या आखाताला जातं. हब्स आणि गॉर्डन या दोघा शास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. नदीला ओढ बऱ्यापैकी असते पण हे चिटुकले मधल्या धारेत जात नाहीत, काठाच्या झाडोऱ्यात दबून राहतात. मग तुमच्या टाकीत मोकळी वाळू आणि एक प्लास्टिकचा किल्ला एवढंच असेल तर ते रंग दाखवणार कसे? जावा मॉस, हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, जे मिळेल ते दाटीने लावा आणि पुढे थोडी मोकळी जागा ठेवा, मग दोन-चार आठवड्यांनी बघा.

मी सगळ्या टाक्यांना आरओचं पाणी वापरतो, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) पन्नासच्या खाली. चालेल ना? आमच्याकडचं बोअरचं पाणी फार जड आहे. – सोलापूर

उलट करताय दादा. हुआस्तेका म्हणजे चुनखडीचा डोंगराळ भाग, तिथले झरे आणि नद्या जड पाण्याच्या, किंचित अल्कलाइन. तुमचं ज्या बोअरच्या पाण्याने गिझर आणि नळाच्या तोट्या पांढऱ्या होतात ना, ते या माशाला आवडतं, एकदा नायट्रेट तेवढं तपासून घ्या म्हणजे झालं. निव्वळ आरओत लाइव्हबेअरर, म्हणजे अंड्यांऐवजी पिल्लं देणारे मासे अंग आकसून, पर मिटून जागच्या जागी हलत बसतात आणि लोक औषधं ओतत राहतात. मुंबईकडे तलावाचं पाणी मऊ, तिकडच्या लोकांनी फिल्टरमध्ये मूठभर कोरल चुरा टाकला तर काम होतं. पीएच साडेसात-आठ असला तर काही बिघडत नाही.

टाकी चार फुटी आहे. पिग्मीसोबत बाजारातले लाल स्वॉर्डटेल आणि प्लॅटी सोडले तर शोभा येईल असं मुलगी म्हणते. सोडू का? – एक वाचक, नाशिक

नका सोडू, पिल्लं मिक्स होतील. आणि याचं कारण जरा मजेशीर आहे म्हणून सविस्तर सांगते.

टेक्सास विद्यापीठातले मायकल रायन आणि विल्यम वॅग्नर यांनी १९८७ मध्ये पिग्मीच्या माद्यांवर प्रयोग छापला. मादीला एका बाजूला तिच्याच जातीचा छोटा नर दाखवला आणि दुसऱ्या बाजूला झिफोफोरस नायग्रेन्सिस या जवळच्या जातीचा मोठा, तलवारवाला, पुढ्यात नाचून दाखवणारा नर. बाई गेल्या की नाही परक्याकडे! पिग्मीचा नर नाचबिच करत नाही, तो सरळ पाठलाग करतो, त्यात अंगाने एवढासा, त्यामुळे नुसतं बघून निवडायचं तर घरच्याला कोण विचारतंय. पण नंतरच्या कामात असं दिसलं की वास घ्यायला मिळाला की माद्या आपल्याच जातीच्या वासाकडे वळतात, आणि अंगावर उभे पट्टे असलेला नर, म्हणजे परका, टाळतात. म्हणजे डोळे एक सांगतात आणि नाक दुसरं. पुढे हुइचिहुआयान नदीत पिग्मीचेच मोठ्या अंगाचे नर पण सापडले, ते वेगळं.

आता हे नाक चालायला पाणी पण तसं लागतं. हिदाल्गो राज्यातल्या काल्नाली नदीत बिर्चमनी आणि मालिंचे अशा दोन स्वॉर्डटेल जातींचा संकर झालेला आहे, आणि २००६ मध्ये फिशर, वाँग, रोझेंथाल यांनी दाखवलं की स्वच्छ पाण्यात बिर्चमनीच्या माद्या आपल्या नराचा वास बरोबर ओळखतात पण नदीच्या प्रदूषित भागातल्या पाण्यात ओळखत नाहीत, पाण्यात ह्युमिक अ‍ॅसिड (कुजणाऱ्या पानालाकडातून उतरतं ते) वाढवलं तरी तेच. ही दुसरी जात आहे मान्य, पण बदामाची पानं आणि लाकडाचे ओंडके टाकून चहाच्या रंगाचं पाणी करायची जी फॅशन आलीये, ती स्वॉर्डटेलच्या टाकीत मला तरी नको वाटते.

आणि बाजारातला लाल स्वॉर्डटेल तरी शुद्ध कुठे आहे, रानातला हेलेरी, म्हणजे साधा स्वॉर्डटेल, हिरवा असतो, लाल रंग प्लॅटी या जवळच्या माशाशी संकर करून आणलेला. प्लॅटी-स्वॉर्डटेल संकराचं अजून एक प्रकरण आहे, काळ्या ठिपक्यांच्या प्लॅटीचा हेलेरीशी संकर करून पिल्लं परत हेलेरीशीच जुळवली तर काहींच्या ठिपक्यांचा मेलानोमा होतो, म्हणजे कॅन्सरच. ठिपक्यांना आवर घालणारी प्लॅटीची जनुकं पुढच्या पिढीत हरवतात म्हणून. गॉर्डन आणि कॉसविग यांनी हे १९२० च्या दशकातच पाहिलं आणि कॅन्सरच्या अभ्यासात हा मासा तेव्हापासून आहे.

मुलीला सांगा शोभेसाठी चार-पाच कोरिडोरास (तळाशी फिरणारे छोटे मासे) आणि पिवळी सफरचंद गोगलगाय घेऊ, ते यांच्यात ढवळाढवळ करत नाहीत.

मी नववीत आहे. माझी एक स्वॉर्डटेल मादी होती, आता तिला तलवार येतेय. यूट्यूबवर सांगतात मादीचा नर होतो. खरं का? – एक विद्यार्थी, सांगली

तुझं निरीक्षण छान आहे रे, पण मादी होती हे कशावरून ठरवलंस? तिने तुझ्यासमोर पिल्लं दिली होती का? नसतील तर तो बहुतेक उशिरा वयात आलेला नर आहे. स्वॉर्डटेलमध्ये काही नर लवकर वयात येतात, वयात आले की त्यांची वाढ जवळजवळ थांबते, म्हणून ते छोटेच राहतात. काही उशिरा येतात, तोवर वाढत राहतात आणि दिसतात अगदी मादीसारखे, मग एक दिवस पोटाखालचा पर निमुळता व्हायला लागतो आणि तलवार फुटते. नायग्रेन्सिससारख्या जातीत हे कधी व्हायचं ते वाय गुणसूत्रावरच्या जनुकावर ठरतं, बापासारखा पोरगा. आणि म्हातारी मादी कधी कधी नरासारखी दिसायला लागते हे खरं, पण ती पिल्लांचा बाप होते असं समजू नकोस.

नागपुरात मे महिन्यात टाकीचं पाणी ३३ च्या वर जातं. पिग्मी टिकेल का? शिवाय लाइट जाते ती वेगळीच.

२३ ते २६ अंश हे बरं. ३० पर्यंत काही दिवस काढतील, त्यावर ऑक्सिजन कमी पडतो आणि आयुष्य पण घटतं. काचेचं झाकण काढून जाळी लावा (उघडी ठेवू नका, हे उडी मारतात), पाण्याच्या पृष्ठभागावर कूलरसारखा छोटा पंखा सोडा, दोन-तीन अंश सहज उतरतात. खाणं कमी करा. बॅटरीवरचा एअर पंप आणि स्पंज फिल्टर घेऊन ठेवा. बर्फाचे खडे एकदम टाकायचे नाहीत.

पिल्लं खूप झाली. तळ्यात सोडू की दुकानदाराला देऊ? – कोल्हापूर

तळ्यात, विहिरीत, नदीत अजिबात नाही, आपल्याकडे आधीच गप्पी आणि तिलापियाने काय केलंय ते बघतोय. दुकानदाराला पण नको, तो ती लाल स्वॉर्डटेलच्याच टाकीत ओतणार, आणि एकदा तिथल्या नराशी जमलं की मादी त्याचे शुक्राणू महिनोन्महिने साठवून ठेवते, नंतर तुम्ही कितीही वेगळी ठेवा, पिल्लं मिक्सच. त्याच कारणाने विकत घेताना पण जोडीपेक्षा वेगळी वाढवलेली तरुण पिल्लं घ्या.

टेक्सास स्टेट विद्यापीठाच्या झिफोफोरस संग्रहात, जो गॉर्डनने १९३० च्या दशकात सुरू केला होता, माशांचे वंश त्यांच्या मूळ नदीच्या नावाने वेगवेगळे सांभाळतात. आपण तेवढं नाही तरी एवढं करू शकतो की जास्तीची पिल्लं हौशी माणसालाच द्यायची, आणि ज्याच्याकडून घेतली त्याने नदीचं नाव सांगितलं असेल तर पिशवीवर मार्करने तेच लिहून द्यायचं. माहीत नसेल तर "ठिकाण माहीत नाही" असं लिहा, अंदाजाने आश्त्ला लिहू नका.