जुन्या कर्नलवर नवा ड्रायव्हर: आवृत्तीचा आकडा नको, फंक्शन आहे का ते तपासा

प्रश्न थोडक्यात असा: लिनक्स कर्नल ६.१ साठी लिहिलेला ड्रायव्हर एका आर्म६४ बोर्डाच्या ४.९ कर्नलवर आणि एका एंटरप्राइझ वितरणाच्या ४.१८ वर बांधायचा आहे. जी नवी फंक्शने तिथे नाहीत, त्यांच्या पर्यायी व्याख्या (शिम) लिहिल्या आहेत. ४.९ वर बिल्ड होतो, ४.१८ वर मात्र 'पिन_यूजर_पेजेस' (यूजर प्रोग्रॅमची मेमरीची पाने जागेवर धरून ठेवणारे फंक्शन) याच्या पर्यायी व्याख्येवर 'रीडेफिनिशन' एरर येते. शिवाय ४.९ मध्ये 'क्लोज_रेंज' (एका पल्ल्यातले सगळे फाइल डिस्क्रिप्टर बंद करणारा) सिस्टिम कॉल आणता येईल का?

पिन_यूजर_पेजेस मेनलाइनमध्ये (लिनक्सच्या मूळ मुख्य शाखेत) ५.६ ला आले, म्हणून तुम्ही '५.६ च्या खाली असेल तर आपली व्याख्या घ्या' अशी अट घातलीत. मेनलाइनपुरती ती बरोबर आहे. पण एंटरप्राइझ कर्नलचा ४.१८ हा आकडा फक्त सुरुवात कुठून झाली ते सांगतो. त्यावर वरच्या आवृत्त्यांतले तुकडे वर्षानुवर्षे आणून बसवलेले असतात. रेड हॅटच्या रिलीज कोडची अट जोडून काम भागते, पण मग प्रत्येक वितरणासाठी एकेक अट वाढत जाते आणि पुढच्या अपडेटला पुन्हा तेच. स्टेबल शाखेतही (जिथे जुन्या आवृत्तीला फक्त दुरुस्त्या मिळतात) आकडा फसवतो. आवृत्तीच्या मॅक्रोत शेवटच्या भागाला आठच बिट असल्यामुळे ४.९.२५६ चा हिशेब थेट ४.१०.० इतका भरत होता. म्हणून २०२१ पासून तो भाग २५५ वर अडवला जातो. त्यापुढचे सगळे ४.९ मॅक्रोला सारखेच दिसतात.

तेव्हा बिल्डच्या सुरुवातीला चाचणी घ्या. प्रत्येक इंटरफेससाठी चार ओळींची सी फाइल, ती त्याच कर्नलच्या केबिल्डमधून (बिल्ड व्यवस्थेतून) कंपाइल करायची, आणि जमले तर 'हॅव्ह_…' असा मॅक्रो हेडरमध्ये लिहायचा. हेडरमध्ये ग्रेप मारणे (नुसते नाव मजकुरात शोधणे) सोपे वाटते, पण ते कॉमेंटलाही होकार देते आणि आर्ग्युमेंट किती आहेत ते सांगत नाही. 'ॲक्सेस_ओके'चे पहिले आर्ग्युमेंट ५.० मध्ये गेले, नाव तेच राहिले. तिथे ग्रेपचा काही उपयोग नाही. डेबियनवर हेडर दोन फोल्डरांत विभागलेले असतात, त्यामुळे ग्रेपचा मार्गही चुकतो.

सगळ्यांत आधी एक रिकामी चाचणी ठेवा, जी पास झालीच पाहिजे. कंपायलर जुळत नसेल किंवा हेडर पॅकेज अर्धवट असेल, तर सगळ्या चाचण्या नापास होतात, सगळे शिम चालू होतात आणि एररचा डोंगर भलत्याच जागी उभा राहतो. दुसरी गोष्ट, हेडरमध्ये घोषणा आहे म्हणजे सिंबल एक्स्पोर्ट झालेच आहे (मॉड्यूलला वापरता येते) असे नाही. ते मॉड्यूल.सिमव्हर्समध्ये (एक्स्पोर्ट झालेल्या सिंबलांच्या यादीत) पाहा, नाहीतर मॉडपोस्ट (मॉड्यूल तपासणारे बिल्डचे साधन) शेवटच्या टप्प्यावर 'अनडिफाइन्ड' म्हणून थांबवेल.

शिमला मूळ नाव थेट देऊ नका. 'माझाड्रायव्हर_' असा उपसर्ग लावून स्टॅटिक इनलाइन लिहा, मूळ हेडर इन्क्लूड झाल्यावर मॅक्रोने नाव वळवा. उद्या वितरणाने तेच फंक्शन आणले तरी टक्कर होत नाही.

आता खरी मेख. कंपाइल झालेला शिम बरोबर असेलच असे नाही. तुमचा 'टायमर_सेटअप'चा शिम पाहा. हा मेनलाइनमध्ये ४.१४ ला आला. त्याच्या कॉलबॅकला (टायमर वाजल्यावर चालणाऱ्या फंक्शनला) टायमरचा पॉइंटर मिळतो, तर जुन्या कॉलबॅकला अनसाइन्ड लाँग. तुम्ही फंक्शन कास्ट करून साध्या सेटअप_टायमरला दिलेत आणि डेटा म्हणून टायमरचाच पत्ता. कल्पना ठीक आहे, मेनलाइननेही बदलाच्या काळात हेच केले. पण फ्लॅग गळले: डिफरेबल (सीपीयू झोपलेला असेल तर थांबून राहणारा) टायमर साधा होतो आणि झोपलेल्या सीपीयूला जागे करत बसतो. दोन अंडरस्कोरवाला __सेटअप_टायमर वापरा, तो फ्लॅग घेतो. क्लँग कंपायलरच्या सीएफआयसह (कॉल होणाऱ्या फंक्शनचा प्रकार जुळतो का ते तपासणारे संरक्षण) बांधलेल्या कर्नलवर तर हे कास्टच चालत नाही. टायमर वाजताक्षणी पॅनिक. तिथे प्रत्येक कॉलबॅकसाठी अनसाइन्ड लाँग घेणारे छोटे मधले फंक्शन मॅक्रोने तयार करा.

'एसटीआरएससीपीवाय_पॅड' (५.२; स्ट्रिंग कॉपी करून उरलेली जागा शून्याने भरणारे फंक्शन) तुम्ही नुसत्या 'एसटीआरएससीपीवाय'कडे वळवला आहे. परतावा तोच, वॉर्निंग नाही, चाचणीतही फरक दिसणार नाही. पण उरलेले बाइट शून्य होत नाहीत, आणि तेच स्ट्रक्चर पुढे कॉपी_टू_यूजरने बाहेर जाते, म्हणजे कर्नल स्टॅकचा कचरा यूजरच्या हातात. परतावा ऋण नसेल आणि आकार वजा एकपेक्षा कमी असेल, तर शेवटच्या शून्यानंतरचा भाग मेमसेट करा. दोन ओळींचे काम आहे.

पिन_यूजर_पेजेसऐवजी गेट_यूजर_पेजेस आणि सोडताना पुट_पेज, हे ४.९ वर चालेल. मात्र डीएमए (उपकरणाने थेट मेमरीत लिहिणे) चालू असताना फाइलसिस्टिमने पान लिहायला घेतले तर होणारी शर्यत तशीच राहते. बफर अनॉनिमस (कुठल्याही फाइलला न जोडलेल्या) मेमरीतलेच घ्या.

क्लोज_रेंज आणता येतो, कारण त्यासाठी कर्नल तुम्हीच बांधता. क्रमांक ४३६ च ठेवा, मोकळा दिसला म्हणून दुसरा घेऊ नका. लायब्ररी याच क्रमांकाने विचारतात. मधले रिकामे क्रमांक आपोआप ईनोसिस ('असा कॉल नाही' हा एरर) देतात. जेनेरिक यादीतला एकूण आकडा ४३७ करा आणि ३२-बिट प्रोग्रॅम चालत असतील तर कंपॅट टेबल (३२-बिट कॉलची यादी) वेगळे भरा. अनशेअर फ्लॅगसाठी डप_एफडी आणि अनशेअर_एफडी यांचे बदलही सोबत आणावे लागतात. क्लोएक्झेक फ्लॅग (डिस्क्रिप्टर एक्झेकच्या वेळी बंद करण्यासाठी) ५.११ चा आहे. तो आणला नाहीत तर ईइनव्हॅल ('चुकीचे आर्ग्युमेंट' हा एरर) परत करा. गुपचूप दुर्लक्ष केले तर प्रोग्रॅम एक्झेक करताना डिस्क्रिप्टर तसेच उघडे राहतात.

प्रत्येक कमिट गिटमध्ये चेरी-पिक करताना (दुसऱ्या शाखेतून उचलून आणताना) -एक्स द्या, म्हणजे मूळ कमिटचा हॅश संदेशात नोंदला जातो. मग तो हॅश मेनलाइनच्या लॉगमध्ये 'फिक्सेस:' ओळींत शोधा. नंतर आलेली दुरुस्ती राहून जाण्याची जागा हीच.