सेटवरचा पहिला दिवस

अगं, उद्या गोरेगावच्या चित्रनगरीत ज्युनियर आर्टिस्ट म्हणून, म्हणजे सीनमधल्या गर्दीतली, तुझी पहिली शिफ्ट ना? दोन-तीन साधे ड्रेस सोबत ठेव. पांढराशुभ्र नको, बारीक चौकडीचा तर नकोच, ती कॅमेऱ्यात थरथरते. कंटिन्युइटी, म्हणजे दर वेळी सगळं आधीसारखंच दिसणं, मात्र जिवापाड सांभाळ. लग्नाच्या सीनमध्ये सरबताचा ग्लास डाव्या हातात होता, तर सातव्या टेकला, म्हणजे तोच सीन सातव्यांदा घेतानाही, डाव्याच हातात हवा. माझा एकदा हात बदलला आणि सगळ्यांना पुन्हा उभं राहावं लागलं; अजून वाईट वाटतं. मुख्य कलाकारांच्या मागे गप्पा मारायच्या त्या नुसत्या ओठांनी, आवाज न करता. काम देतो म्हणून कोणी आधी पैसे मागितले तर अजिबात देऊ नकोस. तारीख, शिफ्ट, को-ऑर्डिनेटरचं, म्हणजे काम मिळवून देणाऱ्याचं, नाव वहीत लिहीत जा. मालिकांचे पैसे उशिरा हाती येतात, तेव्हा हीच वही उपयोगी पडते.