विठोबा बसत का नाही?

प्रिय ओवी,

काल झोपताना तू विचारलंस, "बाबा, आपल्या देव्हाऱ्यातला विठोबा कधीच बसत का नाही? त्याचे पाय दुखत नाहीत?" मला रात्रपाळीला निघायचं होतं, म्हणून इथे मेलबर्नच्या आपल्या फ्रिजवर हे पत्र लावून ठेवतोय.

देव दारात आला तेव्हा पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत होता. हातातली सेवा न सोडता त्याने एक वीट मागे सरकवली आणि म्हणाला, जरा थांब. देव थांबला, कमरेवर हात ठेवून. मग पुंडलिकाने वर मागितला: असाच इथे राहा, येईल त्याला भेट. देव हो म्हणाला. आरतीतली अठ्ठावीस युगं ती हीच.

पंढरपुरात एरवी रोज रात्री शेजारती करून देवाला झोपवतात. पण आषाढी-कार्तिकी जवळ आली की त्याचा पलंग काढतात, पाठीला मऊ लोड लावतात, आणि दर्शन रात्रंदिवस सुरू राहतं. लोक चालत आलेत, मग देव झोपेल कसा? यात्रा सरली की प्रक्षाळपूजा. गरम पाण्याने आंघोळ, पायांना लिंबू-साखर, शिणवटा जावा म्हणून रात्री काढा. बघ, पाय दुखत असतील हे तुझ्यासारखंच तिथल्या माणसांनाही वाटतं.

तुझ्याएवढा असताना मी आजीबरोबर रात्रभर दर्शनबारीत होतो. पायांवर कपाळ टेकलं, गार गुळगुळीत दगड लागला, आणि लगेच पुढे ढकलले गेलो. आजी बाहेर येऊन रडत म्हणाली, "भेटला रे बाबा."

एक गोष्ट मात्र तुझ्यापासून लपवणार नाही. भेटेन हा शब्द देवाचा, दार माणसांच्या हातात. चोखामेळ्याला जातीमुळे आत येऊ दिलं नाही. त्याची समाधी महाद्वारासमोर आहे. दलितांना मंदिरात जाता यावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषणाला बसावं लागलं. देव आत वाट बघत उभा आणि आपण लेकरांना अडवतोय! मला अजून राग येतो.

आजोबांच्या आजारपणात मी मागितलं ते मिळालं नाही. पण त्याने भेटायचं कबूल केलं होतं, आणि त्या रात्री देव्हाऱ्यापुढे बसलो तेव्हा मी एकटा नव्हतो.

शाळेतून आलीस की आपल्या विठोबाचे पाय धुऊ. लिंबू भाजीच्या टोपलीत आहे, साखर तू काढून ठेव.

तुझा,
बाबा