फलकावर काय लिहू: आगर, वनशेती की कृषिवानिकी?

प्रश्न दापोलीहून आलाय. नारळ-सुपारीत जायफळ आणि मिरी लावली आहे. बागेच्या फलकावर 'ॲग्रोफॉरेस्ट्री'साठी (म्हणजे झाडं आणि पिकं एकाच जमिनीत घेणं) 'कृषिवानिकी' लिहू की 'वनशेती'?

'कृषिवानिकी'ला हिंदीचा वास आहे. 'सोशल फॉरेस्ट्री' हिंदीत 'सामाजिक वानिकी' झाली, आपल्याकडे 'सामाजिक वनीकरण'. म्हणजे 'वानिकी' आपल्या तोंडात कधी बसलीच नाही. केंद्राच्या २०१४च्या राष्ट्रीय कृषिवानिकी धोरणानंतर सरकारी कागदांत मात्र तिचं चांगलं फावलं. (लिहायचाच तर जोडून, आणि 'षि' ऱ्हस्व.) 'वनशेती' सोपा, पण त्यात सागाची लागवडही येते आणि जंगलातली नाचणीही. तरी एरवीच्या लेखनात मी तोच वापरतो.

तुमच्याकडे आहे ते मात्र सरळसरळ आगर. वर माड, खाली पोफळी, पोफळीवर चढवलेली मिरवेल, सावलीला जायफळ, पाटाच्या कडेने केळी आणि मोरीच्या सांडपाण्यावर अळू. एका शिंपण्यात सगळी भिजतात. दोन माडांत पंचवीस फूट सोडायचे ते झावळ्या झावळ्यांत अडकू नयेत म्हणून. मधे उतरणाऱ्या कवडशांवर बाकीची मंडळी जगतात. तुमच्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाने याच मांडणीत मसाल्याची झाडं नीट बसवली आणि तिला 'लाखी बाग' म्हटलं. नाव झकास आहे.

आगर म्हणजे मुळात एखादी गोष्ट मुबलक निघते ती जागा. संस्कृतातलं 'आकर', म्हणजे खाण. म्हणून मिठागर, म्हणून 'गुणांचं आगर'. दिवेआगर तर ते नावातच घेऊन बसलंय.

पण आगर म्हणजे सगळी वनशेती नव्हे. कोकणातलं भात बघा. बांधावरच्या ऐनाची, वरकसातल्या (उताराच्या हलक्या जमिनीतल्या) किंजळाची कवळं, म्हणजे पानांसकट फांद्या तोडायच्या, वाळवून जमिनीवर जाळायच्या, ती भाजावळ, आणि त्या राखेच्या जमिनीत तरवा, म्हणजे भाताची रोपं करायला बी पेरायचं. झाड मारायचं नाही, फांद्याच छाटायच्या. ते पुन्हा फुटतं. इथेही झाडाच्या जिवावर भात उभा आहे, पण याला कुणी आगर म्हणणार नाही. प्रत्येक प्रकाराला आपापला शब्द होता, सगळ्यांना मिळून एक लागलाच नाही. इंग्रजी शब्द तरी कुठे जुना आहे? १९७०च्या दशकातला.

तेव्हा फलकावर बिनधास्त 'आगर' लिहा. अनुदानाच्या अर्जात मात्र छापील शब्द तसाच उतरवा. तिथे 'आगर' लिहिलंत तर टेबलापलीकडचा माणूस मीठ किती निघतं ते विचारायचा.