पत्त्यांची पत्रं: दोन अठ्ठ्या आणि चौदा ब्लाइंड

प्रश्न: पणजीला कॅसिनोच्या बोटीवर पोकरची टूर्नामेंट खेळलो. माझ्याकडे १४ बिग ब्लाइंड (डावाआधी सक्तीने भरायची मोठी बेट) एवढ्या चिप्स उरल्या होत्या. मी बटणावर (पत्ते वाटणाऱ्याच्या जागी), हातात दोन अठ्ठ्या. माझ्या अलीकडच्याने २.२ ब्लाइंडचा रेझ केला (बेट वाढवली). त्याच्याकडे चिप्स भरपूर. सेट (तिसरी अठ्ठी) लागला तर दुप्पट होऊ म्हणून मी कॉल केला (तेवढेच भरले). फ्लॉपवर (पहिल्या तीन उघड्या पत्त्यांत) राजा, गुलाम, चव्वी आली, त्याने बेट लावली, मी पत्ते टाकले. मित्र म्हणतात, चुकलास. ते कसं?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर: मित्रांचं ऐका. (ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्याने ऑनलाइन पैशांचा पोकर बंद पडला, तेव्हापासून माझ्या टपालात गोवाच गोवा आहे.) मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे, तेव्हा आधी कागद-पेन्सिल घ्या.

जोडीला फ्लॉपवर सेट लागतो साडेआठ वेळांत एकदा. म्हणजे एकदा लागेपर्यंत साडेसात वेळा २.२ ब्लाइंड पाण्यात, एकूण १६.५. आता लागला, समोरच्याने डोळे मिटून तुमच्याएवढे १४ दिले आणि ब्लाइंड-अँटीचे (सगळ्यांनी सक्तीने आधीच भरलेले) २.५ वर आले, तर मिळतात १६.५. सगळं मनासारखं झालं तर कशीबशी बरोबरी! आणि तो दर वेळी सगळं कशाला देईल? त्याच्याकडे काही नसेल तर तो एका बेटला पळतो. बरं, सेटवाचून अठ्ठ्या रेटायच्या म्हटलं, तर फ्लॉपवर एक तरी वरचा पत्ता ८७ टक्के वेळा पडतो.

तिथे ऑल-इन जायचं होतं, म्हणजे सगळ्या चिप्स लावायच्या होत्या. बटणाशेजारून रेझ करणारा बऱ्याच हलक्या पत्त्यांवर करतो, त्यातले बरेच तो टाकतो, आणि मधले ४.७ ब्लाइंड फ्लॉप न बघता तुमचे. तुमच्या ढिगाचा तिसरा हिस्सा! त्याने कॉल करून एक्का-राजा दाखवले, तरी साधारण ५५-४५ तुमच्या बाजूने. नव्व्या किंवा त्याहून वरची जोडी निघाली तर मात्र पाचात एकदाच वाचाल. तोच रेझ पहिल्या जागेवरून एखाद्या कंजूष खेळाडूने केला असता, तर मी अठ्ठ्या निमूट टाकल्या असत्या. दोघांकडे ५० ब्लाइंड असते, तर तुमचा कॉल झकास.

प्रश्न: दोन राजे आले की मी रेझ करत नाही, नुसता ब्लाइंड भरते, नाहीतर सगळे पळतात. मग दर वेळी कुणीतरी भलतीच टू पेअर (दोन जोड्या) काढतं.
— एक वाचक, ठाणे

उत्तर: काढणारच, ताई, तुम्ही त्यांना जवळजवळ फुकटात आत घेताय. एक्क्यांची जोडीसुद्धा एका हाताविरुद्ध सरासरी ८५ टक्के जिंकते, चौघांविरुद्ध ५६. राजांना तर फ्लॉपवर एक्का पडायची भीती २३ टक्के. रेझ करा. मागे थोड्या चिप्सवाला, उठसूट ऑल-इन जाणारा बसला असेल, तरच दडवा.

प्रश्न: चौघे उरलो, बक्षिसं तिघांना, ५०-३०-२० टक्के. चिप्स सगळ्यांच्या सारख्या. पहिला ऑल-इन गेला, मधल्या दोघांनी पत्ते टाकले. बिग ब्लाइंडवर माझ्याकडे दोन दश्श्या. टाकल्या, आणि आठवडाभर घरात चिडचिड केली.
— एक वाचक, नागपूर

उत्तर: घरच्यांची माफी मागा, पत्त्यांची नको. चिप्स सारख्या, तेव्हा त्या घडीला बक्षिसाच्या रकमेतला तुमचा वाटा २५ टक्के. कॉल करून जिंकलात तर चिप्स दुप्पट, पण वाटा ३८ टक्क्यांच्या आसपासच; हरलात तर शून्य. म्हणजे कॉलला निदान ६५ टक्के विजय हवा. एक्का-राजाविरुद्ध दश्श्यांना मिळतात फार तर ५७. पण तो गडी पत्ते न बघता ऑल-इन जाणाऱ्यांतला असेल, तर दश्श्या ७५ टक्के जिंकतात आणि टाकणं चूक ठरतं. तो कसा खेळत होता, हे तुम्ही लिहिलेलंच नाही.

प्रश्न: नव्व्यांवर फुल हाउस (तीन सारखे पत्ते आणि एक जोडी) लागूनही हरलो. माझंच नशीब फुटकं!
— एक वाचक, बेळगाव

उत्तर: तुमचंच नाही. २००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये दहा जण उरले असताना फिल आयव्हीकडे नव्व्या होत्या, ख्रिस मनीमेकरकडे एक्का-राणी. फ्लॉपवर दोन राण्या आणि छक्की. टर्नवर (चौथा उघडा पत्ता) नव्वी आली, आयव्हीचं फुल हाउस झालं आणि सगळ्या चिप्स मध्ये आल्या. न दिसलेल्या ४४ पत्त्यांपैकी फक्त ७ मनीमेकरला वाचवणारे. रिव्हरला (पाचवा, शेवटचा पत्ता) एक्का पडला. आयव्ही दहावा सुटला, मनीमेकरने २५ लाख डॉलर नेले. तुमच्या पत्रात चिप्स कुठल्या पत्त्यावर मध्ये गेल्या, हे नाही. तेवढं कळवा, मग नशिबाचं बोलू.